अंगातून वाफा, रात्रीचा घाम आणि गोचिडी: हा लाइम असू शकतो का?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. वय ४४. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. घरची कपाशी, सोयाबीन, तूर, दोन गाई अन् दहा-बारा बकऱ्या. बकऱ्यांचं सगळं माझ्याकडेच.

मागच्या वर्षापासून पाळीचा काही भरवसा राहिला नाही. कधी दोन-दोन महिने येत नाही, कधी पंधरा दिवसांतच हजर. सोबत छातीतून एकदम गरम वाफ उठते, मान-तोंड लाल होतं, धडधडायला लागतं, घाम फुटतो आणि थोड्या वेळात अंग थंडगार पडतं. इथवर ठीक होतं. गावातल्या मोठ्या बाया म्हणतात, "जायच्या वेळेस असंच होते वो." पण पोळ्याच्या आधीपासून रात्री इतका घाम येतो की उशीची खोळ पिळून काढावी. गुडघे धरलेत, कंबर धरली आहे. निंदायला बसले की उठवत नाही. गावातल्या डॉक्टरांनी ताकदीची सलाइन लावली, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

माझी आतेबहीण अमेरिकेत कनेक्टिकटला असते. तिला लाइम झाला होता, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार, त्यासोबत गोचिडीतूनच येणारा बबेशियाही. फोनवर माझं ऐकून ती म्हणाली, "अगं, मला हेच सगळं होत होतं. तू तर गोचिडीतच राहतेस, तपासून घे." तिच्या ग्रुपातल्या बायका लिहितात की लाइमने हार्मोन बिघडतात आणि वाफा येतात. तिने एका खासगी लॅबचं नाव पाठवलं आहे. टेस्ट एवढी महाग आहे की आधी कापूस विकावा लागेल. बकऱ्यांच्या कानातल्या गोचिडी मी हातानेच काढते, माझ्याही अंगावर चढतात. करू का टेस्ट?

उंटावरचा शहाणा
ताई, हा धागा मे महिन्यात काढला असता तर मी म्हटलं असतं, नवतपात विदर्भात कोणाच्या अंगातून वाफा निघत नाहीत? पण पोळ्यानंतर उशी ओली होत असेल तर गंमत नको. जाणकार येतीलच. मी खुर्ची धरून बसलो आहे.

परदेशी वऱ्हाडीण
मी मूळची अकोल्याची, आता पेनसिल्व्हेनियात. लाइम मला होऊन गेला आहे, म्हणून लिहिते. मांडीच्या मागे लाल चट्टा उठला होता. खाज नाही, दुखणं नाही, नुसता रोज वाढत गेला, पार पंजाएवढा झाला. डॉक्टरांनी तो पाहिल्या पाहिल्या डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक सुरू केलं. रक्त तपासलंसुद्धा नाही, कारण सुरुवातीला चाचणी बऱ्याचदा निगेटिव्हच येते. चट्टा चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत उठतो.

लाइम हे कनेक्टिकटमधल्या गावाचं नाव. १९७५ च्या सुमारास त्या भागातल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजायला लागले आणि दोन आयांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून डॉक्टर मंडळी कामाला लागली. जंतू सापडला १९८१ मध्ये, विली बर्गडॉर्फर यांना, गोचिडीच्या पोटात. त्यांच्याच नावावरून बोरेलिया बर्गडॉर्फेरी. तो पसरवणारी गोचीड वेगळी असते, इक्सोडिस जातीची, इथल्या हरणांवर वाढणारी. तिची पिल्लं इतकी बारकी की अंगावर दिसतच नाहीत. आणि नुसती चढून उपयोग नाही, साधारण दिवसभराहून जास्त चिकटून रक्त प्यावं लागतं, तेव्हा जंतू आपल्यात उतरतो.

आता वाफांचं. बबेशिया त्याच गोचिडीतून येतो आणि मलेरियासारखा तांबड्या पेशींत घुसतो. ताप, हुडहुडी आणि चिंब करणारा घाम ही त्याची खरी खूण. लाइममध्येही ताप-घाम येऊ शकतो. पण दिवसाढवळ्या तापाशिवाय दोन-चार मिनिटांची वाफ येऊन जाणं हे लाइमचं ठरलेलं लक्षण नाही. मी त्या ग्रुपांत होते. तिथल्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीतल्या. पाळी जाण्याचं वय आणि गोचीड एकाच वेळी वाट्याला आली की सगळं लाइमच्या खात्यावर जमा होतं. थकवा, सांधे, विसरभोळेपणा, झोप उडणं, धडधड, सगळं दोन्हीकडे सारखंच, मग वेगळं करणार कसं? तुझ्या बहिणीला बबेशिया होता ना, तिचा घाम खराच त्याचा असेल. तुझा त्याचा असेलच असं नाही.

गुरांचा डॉक्टर
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. गोचीड हा माझा रोजचा विषय, म्हणून थोडं लांबेल.

आपल्या गुरा-बकऱ्यांवर मिळतात त्या मुख्यतः हायलोमा आणि रिपिसेफॅलस या जातींच्या गोचिडी. जर्सी-होल्स्टीन संकरित गाईंना आपल्या गवळाऊपेक्षा जास्त त्रास. बबेशिया म्हटलं की आम्हाला अमेरिका आठवत नाही, लाल लघवी करणारी जर्सी गाय आठवते. पण तो बबेशिया बायजेमिना, गुरांचा. ताईंच्या बहिणीला झाला तो मायक्रोटी असणार, तो तिकडच्या उंदरांत राहतो. नाव सारखं, जंतू वेगळा. एक गंमत म्हणून सांगतो: गोचिडीमुळे रोग पसरतो हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं ते याच गुरांच्या तापावर, १८९३ मध्ये, अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांच्या कामातून. माणसांच्या डॉक्टरांना हे आम्ही अधूनमधून ऐकवतो.

पऱ्हाटीताई, मला एकच विचारायचं आहे. यंदा तुमच्या बकऱ्यांपैकी कोणी गाभ टाकला का?

पऱ्हाटी
हो भाऊ. दोघींनी टाकला, उन्हाळ्याच्या शेवटी. एकीचा जार अडकला होता, तो मीच हाताने ओढून काढला. तुम्ही काहून विचारता?

गुरांचा डॉक्टर
हातमोजे?

पऱ्हाटी
नाही जी. गावात कोण घालते. साबणाने हात धुतले. हातावर बाभळीचे काटे लागलेले होते.

स्टेथोस्कोप
मी फिजिशियन आहे, विदर्भातल्याच एका तालुक्याच्या ठिकाणी. वरचे दोन प्रतिसाद वाचून इथे थांबलो. ऑनलाइन निदान करत नाही, पण डॉक्टरकडे काय घेऊन जायचं ते सांगतो.

भारतात लाइमच्या तुरळक केसेसची नोंद आहे. ईशान्येकडे आणि कर्नाटकातल्या जंगल भागात लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या आहेत. म्हणजे अशक्य म्हणत नाही. पण जिथे आजार विरळ, तिथे चाचणी फसवते. समजा हजार जणांत एकालाच आजार आहे आणि चाचणी शंभरात पाच जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. हजार जणांची केली तर पन्नासेक पॉझिटिव्ह येतील आणि त्यात खरा एक. मग त्या उरलेल्यांना कोणी महिनोन् महिने अँटिबायोटिक देत बसतो. लाइमनंतर रेंगाळणाऱ्या त्रासावर अशी लांबलचक अँटिबायोटिक देऊन अमेरिकेत चाचण्या झाल्या आहेत. टिकाऊ फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र दिसले. लाइमची चाचणी दोन टप्प्यांत करतात, त्यातही चावा, चट्टा, प्रदेश हे आधी पाहायचं असतं. ताई, आज तरी कापूस त्यासाठी विकू नका.

माझ्या मते तुमच्या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षभरापासूनच्या वाफा आणि पाळीचा गोंधळ ही एक. ४४ व्या वर्षी हे अगदी अपेक्षित आहे, आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते आणि गडबड त्याच्या काही वर्षं आधी सुरू होते. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन वरखाली व्हायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. जरासं ऊन, चहा, चूल, राग, एवढ्याशाने त्याला वाटतं अंग तापलं. मग ते कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम सोडतं. खरा ताप नसतोच. दुसरी गोष्ट पोळ्याआधीपासूनची: रात्रीचा घाम, कंबर, गुडघे, गळून जाणं. ही नवी आहे. तिला पाळीच्या नावावर ढकलू नका.

थर्मामीटर आणा. वाफ आली की लगेच काखेत लावा. संध्याकाळी दिवेलागणीला लावा, रात्री घामाने जाग आली की लावा. लिहून ठेवा. एवढ्यावरून बरंच कळेल.

मोहफूल
मी गडचिरोलीकडची, नर्स आहे. डॉक्टर, आमच्याकडे रात्री घाम म्हटलं की आधी मलेरियाची पट्टी आणि क्षयासाठी थुंकी, मग बाकी सगळं. तेही सांगा ताईंना. आणि आता दिवस स्क्रब टायफसच्या तापाचे आहेत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे त्याची मोठी साथ होती, आठवत असेल. तो गोचिडीचा नाही, गवतातल्या बारीक माइटच्या पिल्लांचा. काखेत, जांघेत, स्तनाखाली काळी खपली असते, सिगारेटने चटका दिल्यासारखी, दुखत नाही म्हणून बाई सांगत नाही आणि डॉक्टर पाहत नाही.

पाहत नाही हीच तर रड आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी आमच्या जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. आता दवाखाने वाढले, पण चाळिशीपुढच्या बाईने "वाफा येतात" म्हटलं तर अजूनही कॅल्शियमची गोळी हातावर ठेवतात.

निंबोळी
माझी पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली. अंगावरून जात होतं म्हणून गेले, डॉक्टर म्हणाले काढून टाका, कटकट जाते, कॅन्सरचं भ्या नाही. अंडाशयही काढली हे मला नंतर कागदावर कळलं. शुद्धीवर आले त्या आठवड्यातच वाफा सुरू. हळूहळू नाही, एकदम भट्टी पेटली. कोणी सांगितलं नव्हतं. माझी सासू म्हणे अंगात आलं. पऱ्हाटी, तुला कोणी पिशवी काढ म्हणालं तर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव, एवढंच माझं म्हणणं.

स्टेथोस्कोप
निंबोळीताई, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा काढण्याजोगा आहे. अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन एका दिवसात खाली येतं, म्हणून वाफा इतक्या तीव्र. आणि एवढ्या लवकर गेलं तर हाडं आणि हृदय या दोन्हींकडे लक्ष द्यावं लागतं. हाडांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

निसर्गपुत्र
सगळे अॅलोपॅथीवाले एकच गाणं गातात. लाइम हा लपून बसणारा रोग आहे, चाचणीत येत नाही म्हणूनच हे नाही म्हणतात. पॅरासाइट क्लीन्स करा, कडुलिंब, लवंग, अक्रोडाची साल, चाळीस दिवस. जंतू मरताना त्रास वाढतो, तोच पुरावा. हवं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, किट पाठवतो.

उंटावरचा शहाणा
त्रास कमी झाला तर औषध लागू, वाढला तर जंतू मरतायत. तुमच्या धंद्यात तोटा होतो तरी कधी?

परदेशी वऱ्हाडीण
जंतू मरताना त्रास वाढतो हे खरं आहे, पण तो पहिल्या डोसनंतर काही तासांत सुरू होतो आणि दिवसभरात ओसरतो. चाळीस दिवस नाही. माझ्याबाबतीत पहिल्या रात्री हुडहुडी भरली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरणभात जेवले.

पऱ्हाटी
सगळ्यांचे आभार. थर्मामीटर आणला. कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहीत गेले. डॉक्टर, तुम्ही म्हणाला तसंच निघालं. दुपारची वाफ आली तेव्हा ९८ च्या आसपास, एकदाही वर नाही. पण दिवेलागणीला १००, कधी १०१, रात्री घाम फुटला की पुन्हा खाली. मला ताप आहे हेच मला माहीत नव्हतं. वाटायचं, दिवसभराच्या उन्हाने अंग कढत आहे.

स्टेथोस्कोप
आता उशीर करू नका. हा कागद आणि बकऱ्यांची हकीकत घेऊन सेवाग्रामच्या इस्पितळात जा. बकऱ्यांनी गाभ टाकला, जार हाताने काढला, हे स्वतःहून सांगा, विचारायची वाट पाहू नका. ब्रुसेलाची तपासणी मागा; गाभ टाकलेल्या बकरीच्या जारातून किंवा कच्च्या दुधातून माणसाला लागणारा हा जंतू. सोबत मलेरिया, छातीचा एक्स-रे, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. थायरॉइड वाढलं तरी घाम, धडधड आणि पाळीचा गोंधळ होतो, ते तर सुटूच नये.

पऱ्हाटी
जाऊन आले. मलेरिया नाही, क्षय नाही, थायरॉइड नीट. रक्त कमी आहे, नऊच्या आत. अन् ब्रुसेला पॉझिटिव्ह, टायटर म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं माप बरीच वर. डॉक्सीसायक्लीन दोन वेळा आणि रिफॅम्पिसिन सकाळी उपाशीपोटी, दोन्ही सहा आठवडे. मधे सोडायचं नाही असं तीनदा बजावलं.

कोणाला ही औषधं लागली तर ऐकून ठेवा, मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी लघवी नागपुरी संत्र्यासारखी झाली, मी घाबरून आशाताईला फोन केला. ती म्हणे रिफॅम्पिसिनचा रंग आहे, घामाला अन् डोळ्याच्या पाण्यालाही येतो. डॉक्सीची गोळी भरपूर पाण्यासोबत, दुधासोबत नाही, अन् घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत अडकून जळते. आणि ऊन! सोयाबीन सोंगायचे दिवस. दोन दिवस उघड्या हातांनी गेले तर कातडी भाजल्यासारखी लाल झाली. आता ह्यांचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालून जाते.

स्टेथोस्कोप
छान. क्षय नाही हे आधी पाहिलं ते बरोबर केलं, कारण रिफॅम्पिसिन क्षयाचंही औषध आहे आणि अर्धवट दिलं तर जंतू त्याला दाद देईनासा होतो. ज्यांना क्षय असल्याचा संशय आहे त्यांनी हे वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत.

परदेशी वऱ्हाडीण
गंमत पाहा, डॉक्सीच! लाइमवरही तेच. मनाने लाइम समजून दोन आठवडे घेतलं असतं तर थोडं बरं वाटून "पाहा, लाइमच होता" असं झालं असतं आणि पुन्हा उलटलं असतं.

मोहफूल
ताई, गोचिडी काढायचं पण बदला. बोटाने चिरडू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी काही नको.

पऱ्हाटी
दिवाळी आटोपली, गोळ्या संपल्या. संध्याकाळचा ताप नाही, उशी कोरडी. कंबर नव्वद टक्के सुटली, डावा गुडघा अजून कुरकुरतो.

पण वाफा आहेतच. तशाच. म्हणजे डॉक्टर म्हणाले ते खरं, दोन वेगळ्याच गोष्टी होत्या. सेवाग्रामच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खूपच त्रास असेल तर हार्मोनच्या गोळ्या आहेत, पिशवी आहे म्हणून इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागेल, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, ते आधी पाहू. मी म्हटलं रक्त वाढू द्या, मग बघू. हे किती वर्षं चालते?

स्टेथोस्कोप
माणसागणिक वेगळं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्या बायकांना सात वर्षांहून जास्त काळ वाफा होत्या. "एखाद-दोन वर्षांत जाते" असं आपण सर्रास सांगतो, ते बऱ्याच जणींना लागू पडत नाही. हार्मोन नको असतील तर इतर गोळ्याही आहेत. आणि आपल्याकडे सगळे सोयाबीन खा म्हणतात, त्याचा फायदा झालाच तर थोडासा.

उंटावरचा शहाणा
सोयाबीन आम्ही पिकवतो, बाजार समितीत नेतो, भाव ऐकतो आणि घरी आल्यावर आमच्याच अंगातून वाफा निघतात. खायचं कोणी?

पऱ्हाटी
😄 खरं आहे भाऊ.

गुरांचे डॉक्टर, आता तुमचं काम. पशुवैद्यकीय दवाखान्यातून सगळ्या बकऱ्यांचं रक्त नेलं होतं. तीन पॉझिटिव्ह. हे म्हणतात, गुपचूप बाजारात विकून टाकू, आपल्याला कोण विचारते. सासूबाईही त्यांच्याच बाजूने. गाईंना काही नाही.

गुरांचा डॉक्टर
विकू नका. ज्याच्या गोठ्यात जातील तिथे हेच होईल, आणि तिथली बाई तुमच्यासारखी थर्मामीटर घेऊन बसणार नाही. बकरीवर आम्ही औषध देत बसत नाही, जंतू आत लपून राहतो आणि दुधातून, जारातून बाहेर पडत राहतो. त्या तिघी आज वेगळ्या बांधा, बोकडाशी गाठ नको, आणि विल्हेवाट दवाखान्याच्या सांगण्याप्रमाणेच लावा. जिथे गाभ पडला तिथली माती, पेंढा जाळा, चुना टाका. पुढे कोणी व्याली तर मोजे, तोंडाला फडकं, आणि जार खोल पुरायचा, कुत्र्याला टाकायचा नाही. गाईंना नाही हे नशीब. एखादी कालवड ४ ते ८ महिन्यांची असेल तर ब्रुसेलाची लस टोचून घ्या, सरकारी कार्यक्रमात मिळते, आयुष्यात एकदाच. फक्त ती मादी वासरांनाच.

दूध कोणाकोणाला घालता?

पऱ्हाटी
बकरीचं दूध घरात चहाला, अन् दोन घरी लहान पोरांसाठी. एक बाई कच्चंच पाजायची, ताकद येते म्हणून.

गुरांचा डॉक्टर
त्या घरी आजच जा. चांगली उकळी आली की जंतू मरतो. पण जे आधी प्यायलेत त्यांना ताप आला, सांधे दुखले तर तपासायला सांगा. आणि तुमच्या घरच्यांचंही रक्त द्या, गोठ्यात जाणाऱ्या सगळ्यांचं.

पऱ्हाटी
जाऊन आले. एकीने ऐकून घेतलं, लगेच पोराला घेऊन आशाताईकडे गेली. दुसरी म्हणाली, "आम्ही काय तुमचं दूध फुकट नेत होतो काय, आता बदनामी करता?" अन् दार लावून घेतलं. उद्या आशाताईला तिच्याकडे पाठवते. ह्यांचं रक्त काल दिलं, रिपोर्ट मंगळवारी. तिन्ही बकऱ्या मागच्या टिनाखाली बांधल्या आहेत.